हृदयविकारानंतरचा नित्यनेम



या खेपेच्या अभ्यासपाठासाठी आम्ही जो विषय घेतला आहे, तो पोथीतला नसून घरातला आहे. मार्च २०२४ मध्ये, महाशिवरात्रीचा उत्सव आटोपून पाच दिवस होतात न होतात तोच, आमच्या तीर्थरूपांना हृदयविकाराचा झटका आला. देवळात नित्य येणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक आहेच. त्या वेळी कित्येकांनी रात्री-अपरात्री धावून येऊन आम्हांस जो आधार दिला, त्याचे ऋण फिटणारे नाही. पुढे ‘आता त्यांनी काय खावे, पूजेस केव्हा बसावे, उपवास करावा की नाही’ असे प्रश्न जो तो आम्हांस विचारू लागला. तेव्हा सर्वांना एकदाच सविस्तर उत्तर द्यावे, या हेतूने आणि तीर्थरूपांच्या अनुमतीने हा पाठ लिहिला आहे.

आम्ही वैद्य नव्हे. शालान्त परीक्षेपलीकडे आमचे शिक्षणही झालेले नाही. डॉक्टरांनी वेळोवेळी समजावून सांगितलेले, पुढे वाचनाने पडताळून पाहिलेले आणि घरात अनुभवास आलेले, एवढेच येथे मांडीत आहोत. प्रत्येक रोग्याची प्रकृती निराळी असते. म्हणून ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांचे वचनच प्रमाण मानावे.

१. रोगाचे स्वरूप

हृदय हा सर्व शरीरास रक्त पोचविणारा स्नायू आहे. परंतु त्याला स्वतःलाही रक्त लागते, आणि ते त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या बारीक रोहिण्यांतून मिळते. या रोहिण्यांच्या भिंतींत वर्षानुवर्षे मेदाचे थर साचत जातात. एखादे वेळी असा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, वाट बंद होते आणि त्या वाटेवर अवलंबून असलेला स्नायूचा भाग मरू लागतो. यालाच आपण झटका म्हणतो. वाट जितकी लवकर मोकळी होईल तितका स्नायू वाचतो. मेलेला भाग मात्र पुन्हा पूर्ववत होत नाही. जखम भरून व्रण राहावा, तशी खूण त्या जागी साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांत तयार होते.

आमच्या घरी यातच पहिली चूक झाली. पहाटेच्या पूजेनंतर तीर्थरूपांच्या छातीवर ओझे ठेवल्यासारखे झाले, घाम सुटला, डावा हात भरून आला. महाशिवरात्रीचा उपवास, जागरण आणि त्यानंतरची दगदग लक्षात घेऊन आम्ही सर्वांनी ते पित्त ठरविले. थंड दूध झाले, आल्याचा रस झाला, आणि दोन तास वाया गेले. ही चूक केवळ अडाण्यांचीच असते असे नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला, तेव्हाही आरंभी पोटाची तक्रार म्हणूनच लोकांना सांगण्यात आले होते. छातीत दाब, घाम, जबड्याकडे, पाठीकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, अकस्मात धाप, यांपैकी काही झाले तर पित्ताचा विचार मागाहून करावा. आधी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्त्रियांमध्ये आणि मधुमेही माणसांमध्ये छातीतील कळ सौम्य असून केवळ धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा एवढेच लक्षण असू शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

तीर्थरूपांची बंद झालेली रोहिणी फुग्याने उघडून तेथे जाळीची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, बसविण्यात आली. फुग्याने हृदयाची रोहिणी उघडण्याची ही युक्ती १९७७ साली झुरिक येथे ग्रुंट्झिग या डॉक्टरांनी प्रथम यशस्वी केली. चार दिवसांनी तीर्थरूप घरी आले आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु डॉक्टरांनी निघताना सांगितलेले एक वाक्य तेव्हा आमच्या कानांवरून गेले, मनात उतरले नाही. ते म्हणाले होते, “आम्ही एक वाट मोकळी केली आहे, रोग घेऊन तुम्ही घरी जात आहात.” म्हणजे रोहिण्यांत थर साचण्याची प्रवृत्ती तशीच राहते, आणि तिला आवर घालण्याचे काम रुग्णालयात नव्हे, घरातच व्हावयाचे असते.

ते होऊ शकते, याला पुरावा आहे. बावन्न देशांतील रोग्यांची तुलना करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या संशोधनात असे आढळले की, पहिल्या झटक्याच्या धोक्याचा सुमारे नव्वद टक्के भाग नऊ गोष्टींशी निगडित असतो: तंबाखू, रक्तातील मेदाचे विषम प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटावरील चरबी, मनावरील ताण, फळे-भाज्यांची उणीव, व्यायामाची उणीव आणि मद्य. यांपैकी बहुतेक गोष्टींवर माणसाचा किंवा औषधाचा काही ना काही अंमल चालतो. दैवाला बोल लावण्यापूर्वी ही यादी आपण आपल्या घराशी ताडून पाहावी.

२. विश्रांती किती आणि चालणे किती

तीर्थरूप घरी आल्यावर वडीलधाऱ्या मंडळींनी एकमुखाने सांगितले की, आता त्यांना कूसही बदलू देऊ नका. हा सल्ला प्रेमाचा होता आणि एके काळी शास्त्रीयही होता. पूर्वी अशा रोग्यास कित्येक आठवडे अंथरुणास खिळवून ठेवीत. १९५२ साली लेव्हिन व लाउन या अमेरिकन डॉक्टरांनी रोग्यांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसविण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढे वैद्यकाचे मतच पालटत गेले. पुढल्याच वर्षी, १९५३ मध्ये, लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी करून मॉरिस यांनी दाखविले की, दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा सतत जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. वर उल्लेखिलेले आयझेनहॉवर झटक्यानंतर पुढल्याच वर्षी पुन्हा निवडून आले आणि १९६९ पर्यंत जगले.

तेव्हा चालणे हे या रोगात औषधच आहे; पण औषधाप्रमाणेच ते मात्रेने घ्यावयाचे असते. तीर्थरूपांना रस्त्यावर फिरावयास जाणे पसंत पडेना. ‘रिकाम्या हाताने भटकणे’ हे त्यांच्या स्वभावात नाही. तेव्हा डॉक्टरांच्या संमतीने आम्ही देवळाच्या प्रदक्षिणामार्गाचाच उपयोग केला. एका प्रदक्षिणेस त्यांना सुमारे एक मिनिट लागते. पहिल्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ पाच पाच प्रदक्षिणा झाल्या, आणि पुढे दर आठवड्यास पाच वाढवीत सहाव्या आठवड्यात त्या तिसांवर गेल्या. आठवड्यातून निदान पाच दिवस अर्धा तास चालणे, हे डॉक्टरांनी सांगितलेले माप अशा रीतीने आपसूक भरले. गतीची खूण अशी की, चालताना बोलता यावे, पण स्तोत्र सुरावर म्हणता येऊ नये. बोलणेही अशक्य झाले तर गती अधिक आहे. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तत्काळ थांबावे.

काही कामे मात्र दीर्घकाळ वर्ज्य ठेवावी लागली. भरलेली घागर उचलणे, देवळाचा जड दरवाजा रेटणे, श्वास कोंडून जोर करणे, जेवणानंतर लगेच श्रम करणे, ही ती कामे होत. माळव्यातील पौषाच्या पहाटे गार पाण्याने स्नान करण्याचा त्यांचा चाळीस वर्षांचा परिपाठ होता. थंडीने रोहिण्या आकसतात आणि हृदयावर भार पडतो, हे समजल्यावर त्यांनी कोमट पाणी स्वीकारले. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना पाटावरून एकदम उठल्यास डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून आधी क्षणभर बसून, मग आधार घेऊन उठण्याची सवय त्यांना लावून घ्यावी लागली.

३. आहार

आपले इंदूर खाण्याच्या कौतुकासाठी प्रसिद्ध आहे. सकाळी पोहे-जिलबी आणि वर मूठभर शेव, रविवारी तुपात बुडविलेले बाफले, रात्री सराफ्यातील फेरफटका: यात वाढलेल्या जिभेला एकाएकी ‘पथ्य’ हा शब्द शिक्षेसारखा वाटतो. आमच्या मातोश्रींनी पहिल्या पंधरवड्यात मिठाशिवाय, फोडणीशिवाय स्वयंपाक केला. परिणाम एवढाच झाला की तीर्थरूपांनी जेवणच टाकले.

पुढे आहारतज्ज्ञ बाईंनी समजाविले की, ताट रिकामे करावयाचे नसून पालटावयाचे आहे. पोहे राहिले, त्यांत मटार आणि गाजर वाढले, शेव गेली. बाफल्यांऐवजी साधी पोळी किंवा ज्वारीची भाकरी आली आणि वरण दाट झाले. तूप वरणभातावर चहाच्या चमच्याने अर्धा, तेही मोजून. तळण सणापुरते, आणि तळलेले तेल पुन्हा वापरणे बंद. ताटाचा अर्धा भाग भाजी, कोशिंबीर व फळ यांनी भरावा, हा एकच नियम ध्यानात ठेवला तरी पुष्कळ साधते. वनस्पती तुपासारख्या पदार्थांतील घातक मेदाचे प्रमाण जानेवारी २०२२ पासून कायद्याने दोन टक्क्यांवर आणले आहे. तथापि त्यामुळे मिठाई पथ्याची झाली असे कोणी समजू नये.

मिठाविषयी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. दिवसाकाठी एका माणसास सर्व पदार्थ मिळून पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या चमचाभराच्या आतच मीठ असावे. पापड, लोणचे, शेव, फरसाण यांतून ते नकळत पोटात जाते. पुष्कळांना वाटते की उपवासाचे सैंधव बाधत नाही. वस्तुतः सैंधव हेही मुख्यतः तेच क्षार होय. रक्तदाबाला त्याचा रंग दिसत नाही. बाजारात ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणारे मीठ काही औषधांबरोबर किंवा मूत्रपिंडाच्या विकारात अपायकारक ठरते, म्हणून तेही विचारल्यावाचून घेऊ नये.

तंबाखूविषयी संकोच सोडून लिहितो, कारण तीर्थरूपांनीच तसे बजावले आहे. त्यांना पानातून जर्दा खाण्याची सवय होती. धूर निघत नाही म्हणून तो निरुपद्रवी, अशी त्यांची समजूत होती. ती चुकीची आहे. रुग्णालयातून आल्या दिवसापासून त्यांनी जर्दा सोडला. पहिले तीन आठवडे चिडचिडीचे गेले, तोंडात लवंग आणि बडीशेप राहिली, आणि मग ती ओढ हळूहळू ओसरली. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने ती सोडली असता, तिच्यामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका वर्षभरात जवळजवळ निम्म्यावर येतो. एवढा लाभ देणारे दुसरे व्रत आम्हांस ठाऊक नाही.

४. औषध आणि उपवास

आता या पाठातील मुख्य गोष्ट सांगतो.

१७ जुलै २०२४ रोजी आषाढी एकादशी होती. झटक्यास चार महिने झाले होते, प्रकृती सुधारली होती, आणि तीर्थरूपांनी कोणास न सांगता निर्जळ उपवास केला. पाणी नाही म्हणून गोळ्याही नाहीत. द्वादशीस मातोश्रींनी गोळ्यांची पाकिटे मोजली, तेव्हा सर्व प्रकार उघडकीस आला. आम्ही घाबरून त्यांना डॉक्टरांकडे नेले. सुदैवाने अपाय झाला नव्हता. डॉक्टर आवाज न चढविता म्हणाले, “गुरुजी, स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून या दोन गोळ्या आहेत. सामान्यतः वर्षभर त्या एक दिवसही चुकवावयाच्या नसतात. मला न विचारता त्या थांबविल्या तर ज्या वाटेने गेल्या खेपेस परत आलात, ती वाट पुन्हा बंद होऊ शकते.”

वाटेत तीर्थरूप एक अक्षर बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी आम्हांस जवळ बसविले आणि विचारले, “व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी कोणत्या?” मुंजीनंतर त्यांनीच शिकविलेले ते वचन आम्ही आठवून सांगितले: पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. ते म्हणाले, “तुला आठही शिकविली, स्वतःपुरती आठवी विसरलो. पाणीही तीत पहिलेच आहे.”

त्या दिवसापासून गोळ्यांची डबी देवघरात, संध्येच्या पळी-पंचपात्राशेजारी असते. संध्या झाली की सकाळच्या गोळ्या, सायंसंध्येनंतर रात्रीच्या. तीर्थरूप म्हणतात, नित्यकर्माचे फळ मोजावयाचे नसते, ते न केल्याचा दोष मात्र असतो. औषधाचेही तसेच आहे. रक्तातील मेद कमी करणारी गोळी घेतल्याने त्या दिवशी काहीच बरे वाटत नाही, आणि म्हणूनच माणूस ती सोडतो. बरे वाटावे म्हणून नव्हे, पुढचा झटका टळावा म्हणून ती घ्यावयाची असते.

१२ नोव्हेंबर २०२४ च्या कार्तिकी एकादशीस त्यांनी डॉक्टरांना विचारून फळे व दूध घेऊन उपवास केला आणि गोळ्या वेळेवर घेतल्या. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू हे मात्र पानात नव्हते. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्यासाठी केलेली आहे. मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर विचारल्यावाचून उपवास मुळीच करू नये. साखर अकस्मात उतरून जिवावर बेतते.

डॉक्टरांनी जिभेखाली ठेवावयाची गोळी दिली असेल तर ती सदैव जवळ असावी. छातीत दुखल्यास खाली बसून ती घ्यावी, कारण तिने रक्तदाब उतरतो. पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर वाट न पाहता १०८ ला कळवावे.

५. मन

शरीर सावरत असता मन मागे राहते, हे आम्हांस उशिरा उमगले. तीर्थरूप रात्री छातीवर हात ठेवून जागे राहत. मातोश्री त्यांच्या नाकाशी बोटे नेऊन श्वास चालू आहे ना ते पाहत. ते त्यांना कळे, पण ते झोपेचे सोंग घेत. दिवसा लहानसहान कारणाने राग, नाही तर तासन् तास मौन. देवळातील घंटा दुसऱ्याच्या हातून वाजली की त्यांचा चेहरा उतरे. एकदा ते म्हणाले, “देव आहे तेथेच आहे, माझेच काही काम उरले नाही.”

हा स्वभावदोष नव्हे. झटका येऊन गेलेल्या सुमारे पाचांपैकी एका माणसास अशी खिन्नता ग्रासते, आणि ती रोगाचे पुनरागमनही सुलभ करते. ती दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा नाही. पती-पत्नींनी ज्या गोष्टी विचारावयास संकोच वाटतो, त्याही डॉक्टरांना स्पष्ट विचाराव्यात. न विचारल्याने निष्कारण भय वाढते.

आमच्या घरात दोष काही अंशी आमचाच होता. त्यांचे श्रम काढून घेताना आम्ही त्यांचा अधिकारही काढून घेतला होता. मग कामाची नव्याने वाटणी केली. घागरी, लांबच्या यजमानांची कामे, उत्सवातील उभ्याची पूजा आमच्याकडे. सकाळची आरती आणि मुलांचा स्तोत्रपाठ त्यांच्याकडे. आता शनिवारी संध्याकाळी अकरा मुले त्यांच्यापुढे बसतात. त्यांच्या चुका काढताना तीर्थरूपांचा आवाज पूर्वीसारखा चढतो, आणि मातोश्री आतून ऐकून हसतात.

६. सभासद कुटुंबांस विनंती

रोग्याचे पथ्य एकट्या घराने चालत नाही; आजूबाजूच्यांनीही ते सांभाळावे लागते. म्हणून चार गोष्टी नम्रपणे सुचवितो.

पहिली, ‘प्रसादाला नाही म्हणू नये’ असा आग्रह धरू नये. कणभर प्रसाद मस्तकी लावून घेतल्यानेही तो पोचतो. तुपातील शिऱ्याची वाटी संपविण्याने तो अधिक पोचत नाही. दुसरी, पूजेनंतर भोजनाचा आग्रह करण्यापेक्षा शिधा द्यावा. घरी पथ्याने शिजवून तो आनंदाने खाल्ला जातो. तिसरी, समाचारास येणाऱ्यांनी थोडे बसावे, आणि ‘आमच्या अमक्याचे असेच झाले आणि तो गेला’ ही कथा उंबऱ्याबाहेरच ठेवावी. चौथी, आपल्या घरातील कर्त्या माणसाचा रक्तदाब, साखर आणि रक्तातील मेद झटका येण्यापूर्वीच तपासून घ्यावे. आमच्या तीर्थरूपांचा रक्तदाब कित्येक वर्षांत कोणी मोजलाच नव्हता. तो कधी दुखला नव्हता, म्हणून.

७. सारांश आणि घरी चर्चेसाठी प्रश्न

हृदयविकारानंतरचे आयुष्य म्हणजे उरलेसुरले आयुष्य, अशी समजूत करून घेतली की पथ्य हा तुरुंग होतो. नेम म्हणून त्याचा स्वीकार केला तर मात्र तेच पथ्य अंगवळणी पडते. आपल्या लोकांना नेम पाळण्याची सवय पिढ्यान् पिढ्या आहे. तिची दिशा तेवढी वळवावयाची आहे.

१. आपल्या घरात कोणास छातीत कळ आल्यास पहिली गोष्ट काय करावयाची, हे लहानथोर सर्वांस ठाऊक आहे काय?

२. वर दिलेल्या नऊ कारणांपैकी आपल्या घरात किती आढळतात?

३. आपल्या घरातील रोगी औषध केव्हा आणि का चुकवितो, हे त्याला रागावल्यावाचून कोणी विचारले आहे काय?

४. रोग्याचे कोणते काम आपण काळजीपोटी काढून घेतले, आणि त्यातले कोणते त्याला परत देता येईल?

असो. लिहिता लिहिता संध्याकाळ झाली. बाहेर तीर्थरूपांच्या प्रदक्षिणा चालल्या आहेत. पूर्वी आम्ही त्या मोजीत असू. आता ते स्वतः मोजतात, आणि तिसावी संपली की घंटेवर एक हलका टोला देऊन आत येतात. तो टोला ऐकू येईपर्यंत मातोश्री दिवा लावावयाच्या थांबतात. आत्ताच तो ऐकू आला. लेखणी ठेवतो, सायंसंध्येची आणि गोळ्यांची वेळ झाली आहे.